कानाच्या आणि कपाळाच्या पोकळ्यांचे ओतीव ठसे : शरीररचनाशास्त्राच्या अध्यापनाचे एक साधन

मानवी देहाचा अभ्यास म्हणजे हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू अशा भरीव वस्तूंचा अभ्यास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शाळेच्या भिंतीवरील तक्तेही तीच समजूत दृढ करतात. परंतु देहाचा मोठा व्यवहार पोकळ्यांतून चालतो. ध्वनी आत शिरतो तो पोकळीतून, श्वास खेळतो तो पोकळीतून आणि सर्दी-पडशात डोके जड होते तेही पुष्कळदा गालाच्या व कपाळाच्या हाडांत दडलेल्या पोकळ्यांची तोंडे बुजल्यामुळे. ही पोकळी विद्यार्थ्याला दाखवावी कशी, हा शरीररचनाशास्त्राच्या अध्यापकांपुढचा जुना प्रश्न आहे. हाड करवतीने कापले तर पोकळीचा एक छेद दिसतो, तिचा समग्र आकार दिसत नाही. घागर फोडून घागरीच्या आतला आकार हाती लागत नाही. मात्र घागरीत वितळलेले मेण ओतले, ते थिजू दिले आणि मग घागर फोडली, तर आतल्या रिकाम्या जागेची जणू मूर्तीच समोर उभी राहते. कानाच्या आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचे ओतीव ठसे नेमके याच युक्तीने तयार करतात.

ही युक्ती आपल्या भागाला परकी नाही. येथे एक खुलासा केलेला बरा. मेहकर म्हटले की बहुतेकांना बुलढाणा जिल्ह्यातील शारंगधर बालाजीचे मेहकर आठवते. प्रस्तुत लेख ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे ते वाचक बीदर जिल्ह्यातील मेहकरचे आणि त्याच्या आसपासच्या गावांचे आहेत. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात थोडी दख्खनी असा तिहेरी व्यवहार सांभाळणारा हा मुलूख आहे. याच जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे पूर्वीची कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात धातूच्या मूर्ती ओतण्याची रीत वर्णिली आहे. आधी मेणाची मूर्ती घडवावी, तिच्यावर चाळलेल्या मातीचे थर द्यावेत, थर वाळल्यावर ऊब देऊन मेण बाहेर काढावे आणि मेणाने सोडलेल्या जागेत वितळलेला धातू ओतावा, ही ती रीत. धातू किती घ्यावा हे मेणाच्या वजनावरून ठरवण्याची सूचनाही तेथे आहे. बीदरच्या सुप्रसिद्ध बिदरी कामातही जस्त आणि थोडे तांबे यांचा रस मातीच्या साच्यात ओतूनच भांडे घडवतात. चांदीची तार व पत्रा त्यावर मागाहून चढतो आणि बीदरच्या किल्ल्यातील मातीच्या लेपाने काळा रंग येतो. या दोन्ही कारागिरींत साचा माणूस बनवतो. कानाच्या ठशात साचा निसर्गाने आधीच करून ठेवलेला असतो. तो साचा म्हणजे हाड. साचा मोडण्याचे काम तेवढे हातोडीऐवजी आम्ल करते.

मेणाने पोकळी भरून पाहण्याचा पहिला विख्यात प्रयोग लिओनार्दो दा व्हिंची याचा. इ. स. १५०५ च्या सुमारास त्याने बैलाच्या मेंदूतील पोकळ्यांत वितळलेले मेण सोडले आणि मेण थिजल्यावर भोवतालचा मेंदू काढून त्या पोकळ्यांचा खरा आकार कागदावर उतरवला. तोपर्यंत त्या पोकळ्या एकामागे एक ठेवलेल्या गोळ्यांसारख्या काढण्याचा प्रघात होता. एका ओंजळभर मेणाने शतकानुशतकांचे चित्र बदलले.

कानाच्या बाबतीत या विद्येचा खरा आचार्य व्हिएन्नाचा योसेफ हिर्टल. त्याचा जन्म १८१० चा. वडील एस्तरहाझी या सरदार घराण्याच्या वाद्यवृंदात ओबो वाजवीत. ध्वनीच्या इंद्रियावर आयुष्य वेचणारा मुलगा वादकाच्या घरी जन्मावा, हा योगायोग सुखद वाटतो. प्रथम प्राग येथे आणि १८४५ पासून १८७४ पर्यंत व्हिएन्ना येथे तो प्राध्यापक होता. मनुष्य आणि सस्तन प्राणी यांच्या आंतरकर्णाचा तौलनिक अभ्यास त्याने १८४५ मध्ये प्रसिद्ध केला. १८४८ च्या व्हिएन्नातील उठावात त्याचे घर आणि त्यातील संग्रह आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. तरीही त्याने नव्याने काम मांडले. पोकळीत अथवा रक्तवाहिनीत मेण आणि राळ यांचे मिश्रण भरायचे आणि भोवतालचा अवयव आम्लाने खाऊ द्यायचा, या पद्धतीवरचा त्याचा सविस्तर ग्रंथ १८७३ मध्ये निघाला. निवृत्तीनंतर त्याने आपली मिळकत अनाथ मुलांच्या आश्रमासाठी खर्च केली. तो १८९४ मध्ये निवर्तला.

हिर्टलच्या मागून म्यूनिकच्या फ्रीड्रिख बेत्सोल्ड याने ही पद्धत थेट रोगनिदानाच्या कामी लावली. कानामागे जो हाडाचा उंचवटा बोटाला लागतो, त्यात पू साचला तर तो कोणत्या वाटेने मानेत उतरतो, हे त्याने १८८१ मध्ये दाखवले आणि पुढच्याच वर्षी कानाच्या ओतीव ठशांवर ग्रंथ लिहिला. मानेतील त्या गळवाला आजही डॉक्टर मंडळी त्याच्याच नावाने ओळखतात. पुस्तकी वाटणारे काम रोग्याच्या खाटेपर्यंत किती लवकर पोहोचते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला आढळले नाही.

ठशात काय दिसते

ज्या हाडात कान वसतो त्याला शंखास्थी म्हणतात. ‘शंख’ म्हणजे कानशील, म्हणून हे नाव. पण त्याच हाडाच्या पोटात खरोखरच शंखाच्या वळणाची एक नळी गुंडाळलेली आहे, त्यामुळे हे नाव दुहेरी अन्वर्थक ठरते. या हाडाचा ठसा हातात घेतला तर प्रथम बाहेरच्या कर्णनलिकेचा, सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा, किंचित वळलेला दांडा दिसतो. तो सरळ नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नलिकेच्या आतल्या टोकाला कर्णपटलाची जागा. आणि त्यापलीकडे मध्यकर्णाचा लहानसा तुकडा, दोन्ही बाजूंनी चेपलेला. मधोमध त्याची जाडी अवघी दोन मिलिमीटर. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे या जागेत एकमेकींना टेकलेली असतात. ठसा घेताना ती जागेवर राहिली असतील तर तीही आम्लात विरघळतात आणि ठशात त्यांच्या आकाराच्या खाचा उरतात.

मध्यकर्णाच्या मागे मात्र दृश्य पालटते. तेथे कर्णमूलास्थीतील शेकडो लहान लहान वायुकोष्ठे आहेत. हाडात पाहिले तर ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसतात आणि ठशात द्राक्षांच्या घडासारखी. कोणाचा घड टपोरा असतो, कोणाचा अगदीच विरळ. मध्यकर्णापासून या घडापर्यंत एक अखंड वाट आहे. कानातला पू हाडात कसा पसरतो, हे समजावण्यासाठी याहून निराळे व्याख्यान लागत नाही. मध्यकर्णाच्या छताचे हाड कागदासारखे पातळ आहे आणि त्याच्या वर लगेच मेंदूची आवरणे आहेत. चेहऱ्याचे स्नायू हलविणारी मज्जाही याच भागातून एका बारीक बोगद्याने जाते. ठशात तो बोगदा दोऱ्यासारखा दिसतो. बरेच दिवस कान वाहणाऱ्या माणसाचे तोंड एके दिवशी एकाएकी वाकडे का होते, याचे उत्तर त्या दोऱ्यात आहे.

सर्वांत आत चक्रव्यूह. तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी साधारण काटकोनात, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती जशा मिळतात तशा. शरीराचा तोल सांभाळण्याच्या कामात यांचा वाटा मोठा आहे. आणि त्यांच्या पुढे तो कर्णशंख, अडीच ते पावणेतीन वेढ्यांचा. हा सारा भाग अगदी लहानशा जागेत मावतो. हा चक्रव्यूह जन्माच्या वेळीच पूर्ण वाढलेला असतो. पाळण्यातल्या नातवाचा कर्णशंख आणि आजोबांचा कर्णशंख आकाराने सारखेच. कानामागचा उंचवटा मात्र जन्मतः नसतो. तो पुढे मूल वाढू लागल्यावर आकार घेतो आणि त्याच्याबरोबर तो द्राक्षांचा घडही.

आकाराने सारखे असले तरी दोन कर्णशंख हुबेहूब एक नसतात. स्वीडनमधील उप्साला येथे पूर्वी तयार करून ठेवलेल्या ७३ ओतीव ठशांचे मोजमाप घेऊन २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्णशंखाच्या बाहेरील भिंतीची लांबी ३८.६ मिलिमीटरपासून ४५.६ मिलिमीटरपर्यंत बदलते असे त्यात आढळून आले. ज्या बालकांना जन्मतः ऐकू येत नाही त्यांच्या कर्णशंखात शस्त्रक्रियेने बारीक विद्युत्तार सरकवून श्रवणाची सोय करतात, हे आता अनेकांना ठाऊक आहे. ती तार किती लांब असावी, हा प्रश्न या सात मिलिमीटरांच्या फरकाशी निगडित आहे. कपाटात धूळ खात पडलेल्या जुन्या ठशांचे मोल असे कधीतरी अचानक कळते. म्हणून महाविद्यालयांच्या संग्रहालयांतील जुने नमुने निकामी ठरवून टाकण्याची घाई होऊ नये असे वाटते.

घागरीचे तोंड वर

नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांना कोटरे म्हणण्याची पद्धत आहे. झाडाच्या ढोलीसारखीच ती असल्याने शब्द चपखल आहे. कपाळात दोन, गालांत दोन, डोळ्यांच्या मधोमध चाळणीसारखी अनेक आणि नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी आणखी दोन. यांत गालाचे कोटर सर्वांत मोठे. प्रौढ माणसात त्यात सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाणी मावेल. ठसा पाण्यात बुडवून किती पाणी वर चढते ते पाहिले की हे माप कोणालाही घेता येते. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याचे नाव या कोटराला चिकटले आहे.

गालाच्या कोटराचा ठसा पाहिल्यावर एक गोष्ट पटकन नजरेत भरते. नाकात उघडणारे त्याचे तोंड तळाशी नसून पार वरच्या बाजूला आहे. घागर सरळ ठेवली असता तिच्यातले पाणी आपोआप वाहून जावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तसेच हे आहे. निरोगी स्थितीत आतल्या त्वचेवरील सूक्ष्म केसर कोटरातील स्राव वरच्या तोंडाकडे ढकलत नेतात आणि कोटर स्वच्छ राहते. सर्दीने ते तोंड सुजून बुजले किंवा केसरांचे काम मंदावले की स्राव आत तुंबतो, गाल दुखतो, खाली वाकल्यास डोके ठणकते. या कोटराच्या तळाशी वरच्या दाढांची मुळे भिडलेली असतात. त्यामुळे किडलेल्या दाढेचा उपद्रव कधी कधी नाकातून दुर्गंधीच्या रूपाने प्रकट होतो, आणि उलट कोटराच्या सुजेत रोगी दात दुखतो म्हणून तक्रार करतो.

कपाळाची कोटरे जन्मतः नसतात म्हटले तरी चालेल. ती मूल शाळेत जाऊ लागल्यावर वाढीस लागतात. उजवे आणि डावे क्वचितच सारखे असते आणि दोन माणसांची तर मुळीच जुळत नाहीत. यामुळेच अनोळखी प्रेताची ओळख पटविताना पूर्वी काढलेल्या क्ष-किरण चित्रातील कपाळाच्या कोटरांची कड ताडून पाहतात. व्हिएन्नाचाच एमिल झुकरकांडल याने १८८२ मध्ये नाक आणि ही कोटरे यांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे नाकाच्या शस्त्रक्रियेचा पाया त्यावर उभा राहिला.

ठसा कसा तयार करतात

प्रथम हाड पूर्णपणे स्वच्छ करावे लागते. मऊ भाग काढून, चरबी उतरवून ते वाळवतात. या खटाटोपात कर्णपटल आणि आतील पातळ पडदे नाहीसे होतात आणि मध्यकर्णातून आंतरकर्णात उघडणाऱ्या दोन्ही खिडक्या मोकळ्या होतात. त्यामुळे रस आतपर्यंत पोहोचू शकतो. जेथून रस बाहेर गळेल अशी सगळी छिद्रे मेणाने अथवा चिकणमातीने बंद करतात. मग बाहेरच्या कर्णनलिकेतून द्रवरूप राळ सोडतात. हिर्टलच्या काळी मेण-राळेचे मिश्रण होते. १८६० मध्ये बार्नाबस वूड याने सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणारा मिश्रधातू काढला. तो उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवला तरी पातळ होतो, म्हणून ओतकामाला सोयीचा. परंतु त्यात शिसे आणि कॅडमियम असल्याने आरोग्याला घातक. विसाव्या शतकात कृत्रिम राळा आल्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधील डी. एच. टॉम्पसेट यांनी पॉलिएस्टर राळेचे ठसे फार नजाकतीने तयार केले आणि आपल्या कृती १९५६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. आता सिलिकोन रबरही वापरतात. ते वाकवले तरी तुटत नाही, हा त्याचा मोठा गुण.

सारी अडचण हवेची असते. अडीच वेढ्यांच्या नळीच्या टोकाला अडकलेला हवेचा बुडबुडा निघाला नाही तर ठशाचे टोक अपुरे येते. यासाठी हाड राळेत बुडवून बंद पात्रातील हवा पंपाने शोषून घेतात. बुडबुडे वर येतात आणि हवा परत सोडली की राळ दाबाने अरुंद जागांत शिरते. राळ घट्ट झाल्यावर हाड हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. आम्लाने हाडातील चुनखडीचा अंश निघून जातो आणि मागे चिवट, रबरासारखा भाग राहतो. तोही काढावा लागतो, नाहीतर ठसा गढूळ दिसतो. पाण्याच्या बारीक धारेखाली तासन्‌तास हे काम चालते, आणि येथेच घाईने नाजूक नलिका तुटतात. काही ठिकाणी निरनिराळ्या पोकळ्यांसाठी निरनिराळ्या रंगांच्या राळा वापरतात. तसा ठसा वर्गात फार उपयोगी पडतो.

एक हाड, एक ठसा

या पद्धतीत एक गोष्ट विसरता येत नाही. ठसा मिळतो तेव्हा हाड संपलेले असते. ते हाड कोणा माणसाचे होते. ठसा बिघडला तर ते व्यर्थ गेले. म्हणून अनेक अध्यापक असा आग्रह धरतात की एका उत्तम ठशावरून रबराचा साचा करावा आणि त्यातून पुढच्या प्रती काढाव्यात. आता संगणकीय क्ष-किरण चित्रणावरून पोकळीचा आकार मोजून तो त्रिमितीय छपाईच्या यंत्राने प्लॅस्टिकमध्ये उतरवता येतो. त्याला हाड नष्ट करावे लागत नाही, आणि जिवंत रोग्याच्या कानाचीही प्रतिकृती शस्त्रक्रियेपूर्वी हाती घेता येते. माझ्या अल्प मतीप्रमाणे यंत्राची प्रत आणि खरा ठसा यांत अजून फरक आहे. अतिसूक्ष्म भाग राळ जसा पकडते तसा साधे यंत्र पकडत नाही. तरी दैनंदिन शिकवणीला ती प्रत पुरेशी आहे, आणि हाडाचा मान राखणारी आहे.

हाडांचा प्रश्न भारताला विशेष जवळचा आहे. एके काळी जगभरच्या वैद्यकीय विद्यालयांना सांगाडे पुरविणारा देश अशी आपली ख्याती होती. १९८५ मध्ये भारत सरकारने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. आज शिक्षणासाठी देह मिळतात ते शरीररचनाशास्त्रविषयक कायद्यांन्वये, म्हणजे महाराष्ट्रात १९४९ च्या आणि कर्नाटकात १९५७ च्या अधिनियमानुसार, आणि स्वेच्छेने केलेल्या देहदानातून. बीदर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००७ पासून चालू आहे. कलबुर्गीस महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. सीमेपलीकडे लातूर आणि अंबाजोगाई येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. देहदानाची इच्छा असणाऱ्याने हयातीतच जवळच्या महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्र विभागाकडे लेखी संमती द्यावी आणि घरच्या मंडळींना ती आवर्जून सांगून ठेवावी. मृत्यूनंतर निर्णय अमलात आणायचा असतो तो त्यांनाच. सुश्रुताने सुद्धा ज्याला शस्त्रकर्म करायचे आहे त्याने मृतदेह गवतात गुंडाळून, वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून, मऊ झाल्यावर कुंचल्याने थर थर काढत प्रत्यक्ष पाहावे असे सांगितले आहे. देहदान धर्माला धरून आहे काय, असा प्रश्न खेड्यांतून वारंवार विचारला जातो. अशा वेळी हा दाखला लोकांना पटतो असा अनुभव आहे.

गावातले कान

आता या सर्वांचा मेहकरच्या शाळेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध यूस्टेशियन नलिकेचा आहे. ही नलिका मध्यकर्णातून घशाच्या मागील वरच्या भागात उघडते. प्रौढ माणसात ती सुमारे ३६ मिलिमीटर लांब आणि चांगलीच उतरती असते. तान्ह्या बाळात ती आखूड, तुलनेने रुंद आणि जवळजवळ आडवी असते. प्रौढ आणि बालक यांचे ठसे शेजारी ठेवले की मुलांचे कान एवढे का फुटतात ते डोळ्यांना दिसते. घशातील सर्दीला कानापर्यंत जायला त्यांच्यात सोपी, सपाट वाट आहे. निजवून बाटलीने दूध पाजू नये असे परिचारिका सांगतात, त्याचे कारणही हेच.

मुलाचा कान वाहू लागला की तो लहानपणी वाहायचाच, मोठेपणी आपोआप थांबेल, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. त्यावर कोमट तेल, लसूण घालून कढवलेले तेल, क्वचित कोण्या पाल्याचा रस कानात सोडतात. कर्णपटलाला भोक पडलेले असेल तर हे सारे थेट मध्यकर्णात जाते, आणि तेथून पुढची वाट वर सांगितलीच आहे. काडी, केसांची पिन अथवा किल्ली घालून मळ काढणे तितकेच वाईट. नलिका वळणाची असल्याने काडीचे टोक कोठे आहे ते घालणाऱ्याला कळत नाही. वाहता कान कोरडा ठेवावा, न्हाताना पाणी जाऊ देऊ नये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. कानामागे सूज येणे, तोंड वाकडे होणे, चक्कर येणे, तापाबरोबर तीव्र डोकेदुखी आणि मान ताठरणे यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे. केंद्र शासनाचा राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला असून कानाची तपासणी व उपचार सार्वजनिक रुग्णालयांतून मिळावेत हा त्याचा हेतू आहे.

शिक्षकांची नजर यात फार मोलाची आहे. प्रश्न पुन्हा विचारायला लावणारा, एकच कान पुढे करणारा, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहणारा मुलगा मागच्या बाकावर ‘ढ’ म्हणून बसवला जातो. सीमाभागात तर आणखी एक फसगत होते. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असली की मूल उत्तर देत नाही याचा दोष भाषेला दिला जातो, आणि कानाकडे कोणाचे लक्षच जात नाही. अशा मुलाला त्याच्या घरच्या भाषेत, पाठीमागून, हळू आवाजात हाक मारून पाहावे.

वर्गात करता येईल असा प्रयोग

मानवी हाडाचा ठसा शाळेत करता येणार नाही आणि करूही नये. परंतु तत्त्व दाखवण्यास मांजरा नदीच्या काठचा अथवा शेताच्या बांधावरचा गोगलगायीचा रिकामा शंख पुरेसा आहे. सीमेपलीकडे लातूर-बीड भागात २०२२ मध्ये याच शंखी गोगलगायींनी सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडला होता. त्या निदान एवढ्या तरी कामी याव्यात. जिवंत गोगलगायीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. रिकामा शंख घेऊन तो पाण्यात उकळावा, आतून स्वच्छ धुवावा आणि उन्हात वाळवावा.

मेणबत्तीचे मेण एका वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांच्या हाती देऊ नये. शंख आधी गरम केलेला असावा, म्हणजे मेण वाटेतच थिजणार नाही. तोंड वर धरून थोडे थोडे मेण ओतावे आणि शंख कलता करीत, हळूच ठोकीत हवा बाहेर येऊ द्यावी. येथे मुलांना बुडबुड्याची अडचण प्रत्यक्ष दिसते. मेण पुरते थिजल्यावर शंख काचेच्या बरणीत शिर्क्यात, म्हणजे व्हिनेगारमध्ये, बुडवून ठेवावा. लगेच बारीक बुडबुडे सुटू लागतात. शंखातील चुनखडी आम्लात विरघळून कर्बद्विप्राणिल वायू निघतो. शिर्का रोज बदलावा. जाड शंखाला पुष्कळ दिवस लागतात, पातळाला थोडे. शौचालय धुण्याचे आम्ल लवकर काम करील म्हणून वापरण्याचा मोह कोणालाही होऊ नये. त्याच्या वाफा आणि शिंतोडे डोळ्यांना व फुप्फुसांना अपायकारक असतात. शेजारच्या दुसऱ्या बरणीत कोंबडीचे एक स्वच्छ हाड शिर्क्यात ठेवले तर आठवड्याभरात ते वाकू लागते, आणि आम्लाने हाडातून काय जाते व काय मागे राहते हेही कळते.

कवच झिजत गेले की एके सकाळी मेणाचा ठसा तरंगून वर आलेला दिसतो, कारण मेण शिर्क्याहून हलके असते. त्यावर एखादा तपकिरी पापुद्रा राहिला असेल तर तो बोटाने सोलून काढावा. मुलांना तो सावकाश हाती फिरवू द्यावा, वेढे मोजू द्यावेत आणि मग फळ्यावर कर्णशंखाची आकृती काढावी. आणखी एक सांगण्यासारखे आहे. माणसाचा उजवा आणि डावा कर्णशंख एकमेकांच्या उलट दिशेने वळलेले असतात. गोगलगायीच्या एका जातीचे शंख मात्र बहुधा सारे एकाच दिशेने वळतात. तेव्हा एका जातीच्या शंखांच्या ढिगातून दोन्ही कानांची जोडी जुळवता यायची नाही. दुसरा कान दाखवायचा झाल्यास ठसा आरशासमोर धरावा.